जुनी चीज: बैठकीत पाठ, घरी वही

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे पेटी वाजवणाऱ्यांत हा वाद नेहमीचा: जुनी चीज (शास्त्रीय गायनातली बंदिश) वहीत बघून वाजवावी की पाठ करून? बैठकीत वही नकोच, असं माझं ठाम मत आहे. डोळे कागदावर गेले की स्वर शोधण्यात अर्धी मात्रा (तालाचा ठोका) जाते, भाता थबकतो आणि गायकाचा समेचा (तालाच्या पहिल्या मात्रेचा) इशारा नजरेतून सुटतो.

पाठांतर मात्र बोटांचं नको, सरगमचं हवं. काळी एकमध्ये (पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून) बोटांत बसलेली चीज गायिकेने काळी पाच मागितली की कोसळते. सरगम तोंडात असेल तर सा कुठेही धरा, हात वाट काढतो.

त्रितालातली (सोळा मात्रांच्या तालातली) मध्यलयीची चीज घ्या. पेटी बंद. १, ५, १३ वर टाळी आणि ९ वर खाली (टाळी न देता हात मोकळा) देत आधी नुसते शब्द तालात बोला. मग सरगम बोला, मग गा, पेटी शेवटी. लय मिनिटाला ६० मात्रांपासून सुरू करा; ८० ला न अडखळता आलं की पुढे जा. बरेच मुखडे (चीजेची परत परत येणारी सुरुवातीची ओळ) नवव्या मात्रेवरून उठतात. हमखास कच्चं राहतं ते अंतरा (चीजेचा दुसरा भाग) संपवून मुखड्यावर येण्याचं वळण, कारण सराव नेहमी पहिल्या ओळीपासून होतो. अंतऱ्याच्या शेवटच्या आठ मात्रा आणि मुखडा एवढाच तुकडा वेगळा घोटा.

वही उघडताना स्वरलिपी (स्वर लिहिण्याची पद्धत) कोणाची ते आधी पाहा. विष्णु नारायण भातखंड्यांच्या लिपीत स्वरावर टिंब म्हणजे तार (वरचं) सप्तक, खाली टिंब म्हणजे मंद्र (खालचं). आपल्या शेजारच्या कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुस्करांच्या (१८७२–१९३१) लिपीत वरचं टिंब मंद्राचं आणि तार सप्तकाला उभी रेघ. तीच उभी रेघ भातखंडे मध्यमावर देतात तेव्हा तो तीव्र होतो! भातखंड्यांची सम ×, खाली ०. पलुस्करांची सम १, खाली +. झेरॉक्सची झेरॉक्स असेल तर कोमल स्वराखालची बारीक रेघ उडते आणि भीमपलासी रागाचा कोमल गंधार शुद्ध होऊन बसतो. अशी पानं आधी पेनाने दुरुस्त करा.

दरबारी रागाचा आंदोलित (हळू झुलवलेला) गंधार मात्र कुठल्याच कागदावर पूर्ण उतरत नाही. तो ऐकूनच घ्यायचा.

पुरंदरदासांची कन्नड पदं देवनागरीत उतरवून घेणाऱ्यांची अडचण वेगळी. कन्नडमध्ये ए आणि ओ ऱ्हस्वही असतात, दीर्घही. आपल्या रोजच्या देवनागरीत दोन्हींना एकच मात्रा. ‘मेले’मधला मे दीर्घ, ले ऱ्हस्व, पण कागदावर सारखेच दिसतात. मग गाताना ले ताणला जातो आणि शब्द बिघडतो. कन्नड येणाऱ्याकडून पद म्हणवून घ्या आणि ऱ्हस्व अक्षरांवर लाल खूण करा. रेघ नको, कोमल स्वराशी गोंधळ होईल.

पाठ असलेली चीजही हळूहळू घासते; अवघड हरकत (स्वरांची छोटी नक्षी) नकळत सरळ होते. म्हणून अधूनमधून कोऱ्या कागदावर आठवेल तशी स्वरलिपी लिहा आणि मगच वहीशी ताडून बघा. फरक दिसला तर लगेच खोडू नका. गुरूने तशीच शिकवली असेल तर तो पाठभेद आहे. दोन्ही रूपं लिहा आणि कोणतं कोणाकडून आलं ते समासात नोंदवा.