माणसासारखं खेळायलाच हवं का?

"हा माणसासारखा खेळतच नाही!" भाच्याने मोबाईल सोफ्यावर आपटला. काल संध्याकाळी, फोंड्याला बहिणीकडे. २०२५ चा बुद्धिबळ विश्वचषक गोव्यात झाल्यापासून पोराला दुसरं काही सुचत नाही.

समोर इंजिन होतं, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा संगणक-प्रोग्राम. भाचा घोडा फुकट देत होता, तिकडे ढुंकूनही न बघता इंजिनाने कडेचं प्यादं एकेक घर पुढे रेटलं आणि याच्या राजाची पार कोंडी केली. हरल्यापेक्षा पोराला तेच जास्त लागलं. "माणूस असता तर घोडा मारलाच असता!"

मला संगणकशास्त्राचा पाया घालणाऱ्या ॲलन ट्युरिंगचा १९५० चा लेख आठवला. माणूस म्हणून खपू शकेल अशा यंत्राचा नमुना संवाद त्यात आहे. ३४९५७ अधिक ७०७६४ किती? उत्तर येतं अर्ध्या मिनिटाने: १०५६२१. चक्क शंभराने कमी! म्हणजे माणूस वाटायचं तर रेंगाळायचं, वर चुकायचंही. (म्हापशाच्या बाजारातली मासळीवाली या परीक्षेत नापासच होईल. तिचा हिशेब कधी चुकत नाही.)

१९९७ साली डीप ब्लू या संगणकाने जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवलं, तेव्हा पटावरचा निकाल ते माणसासारखं वाटतं का, यावर ठरला नाही. इतर बाबतीत मात्र आपण यंत्राचं गोड बोलणंच जोखत बसतो.

उद्या एखादं यंत्र आपल्याहून शहाणं निघालं, पण आपल्यासारखं अजिबात वाटलं नाही, तर आपल्याला ते कळेल तरी का?