तुम्ही विचारलंत म्हणून: शिवाजी महाराजांनी आठ लग्नं का केली?

व्याख्यान कुठल्याही विषयावर असो, प्रश्नोत्तरांत हा प्रश्न येतोच. 'मराठा घराणी एकत्र आणायला' हे ठरलेलं उत्तर चूक नाही, अर्धं आहे.

निंबाळकर, मोहिते, पालकर, शिर्के, विचारे, गायकवाड, जाधव, इंगळे ही आठ माहेरं. यातली वजनदार घराणी वतनदार, म्हणजे गावांचा वसूल, गढी आणि पदरचे शिपाई त्यांच्याच हाती. सोयरीक जमवताना आधी कुळी बघायची, मग देवक, म्हणजे कुळाचं पूज्य चिन्ह. देवक एकच निघालं तर बोलणी तिथंच थांबतात. त्यामुळे तोलामोलाची घरं मोजकीच उरतात आणि पिढ्यान् पिढ्या तीच फिरून येतात. फलटणचंच बघा. महाराजांचे आजोबा मालोजीराजे, त्यांची बायको निंबाळकरांची, महाराजांच्या सईबाई निंबाळकरांच्या. पुढे सईबाईंची लेक सखुबाई दिली ती बजाजी निंबाळकरांच्या मुलाला, महादजीला, म्हणजे सख्ख्या मामेभावाला. मराठ्यांत पसंती मामाची मुलगी करण्याला. इथं आत्याची मुलगी सून म्हणून गेली. बजाजी विजापुरात मुसलमान झाले होते आणि त्यांना परत धर्मात घेतलं, असं परंपरा सांगते. त्यानंतर छत्रपतींच्या घरची मुलगी त्या घरात गेल्यावर भाऊबंदांना बोलायला जागा उरली नाही.

शिर्क्यांशी मात्र साटंलोटं झालं. 1661 साली शृंगारपूर घेतल्यावर पिलाजी शिर्के महाराजांकडे आले. त्यांची मुलगी येसूबाई संभाजीराजांना केली आणि महाराजांची राजकुंवर त्यांच्या गणोजीला दिली. मुलीकडचे एरवी खालच्या पायरीवर. दोन्हीकडून मुलगी गेली की ती पायरीच राहत नाही.

आता हे बांधलेलं कुठं सुटतं? 1680 मध्ये सोयराबाईंच्या राजारामांना गादीवर बसवलं, तेव्हा सोयराबाईंचेच भाऊ सरनोबत (सेनापती) हंबीरराव मोहिते भाच्याच्या बाजूला न जाता संभाजीराजांकडे गेले. फौजेचा विचार भाच्याहून मोठा ठरला. तरी पुढे हंबीररावांची ताराबाई त्याच राजारामांना दिली गेली. शिर्क्यांचा पेच जुना होता. त्यांना देशमुखी हवी होती आणि महाराजांचं धोरण नवी वतनं न देण्याचं. 1688 मध्ये संभाजीराजांच्या विश्वासातल्या कवी कलशांशी त्यांचं उघड युद्ध जुंपलं आणि गणोजी मोगलांकडे गेले. दहा वर्षांनी जिंजीच्या मोगली वेढ्यातून राजारामांना बाहेर काढायला मदत केली तीही याच गणोजींनी. त्याच्या बदल्यात खंडो बल्लाळ चिटणिसांनी दाभोळकडचं आपलं वतन त्यांना सोडून दिलं, असं बखरीत आहे.