तुम्ही विचारलंत म्हणून: डेटा वेअरहाउसिंग शिकायला पुस्तक कशाला?

"मॅडम, व्हिडिओ आहेत, कोर्स आहेत, एआय तर क्वेरीच लिहून देतं. मग डेटा वेअरहाउसिंगसाठी ती जाडजूड पुस्तकं खरंच वाचायची का?" हिंजवडीच्या बसमध्ये, कॅन्टीनच्या रांगेत, भाच्याच्या मित्रमंडळीत हा प्रश्न महिन्यातून दोनदा तरी येतो. डेटा वेअरहाउसिंग म्हणजे कंपनीचा जुना-नवा डेटा रिपोर्टांसाठी एका जागी नीट मांडून ठेवणं. माझं उत्तर: हो, वाचायची. पण निवडून.

टूल शिकवणारं पुस्तक घेऊ नका. त्यातलं बटण पुस्तक हातात येईपर्यंत स्क्रीनवरून हललेलं असतं. तिथे व्हिडिओ आणि कंपनीचं स्वतःचं डॉक्युमेंटेशनच बरं. पुस्तक लागतं ते डेटाची मांडणी शिकायला. ते मला कसं कळलं, ते सांगते.

नोकरीची पहिली वर्षं होती. क्लायंट सुट्या भागांचा वितरक. माझं एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसशी बोलायची भाषा, पक्कं होतं, रात्री डेटा भरायचा लोड वेळेत संपायचा, एकही एरर नव्हती. वाहतूक खर्चाचा रिपोर्ट मी बिलाचं टेबल आणि बिलातल्या मालाचं टेबल जॉईन करून, म्हणजे बिल नंबरावरून जोडून, बनवला होता. तीन महिन्यांनी त्यांच्या हिशेबनीसांनी एक छापील बिल माझ्यापुढे ठेवलं. माल तीन प्रकारचा, खाली भाडं 600 रुपये. "मॅडम, या गाडीला आम्ही सहाशेच दिले. तुमच्या रिपोर्टात अठराशे कसे?"

भाडं बिलाला एकदाच लागलं होतं. जॉईन केल्यावर ते मालाच्या तिन्ही ओळींवर उतरलं आणि बेरीज तिप्पट झाली. दहा ओळींच्या बिलाला दहापट. आणि त्या आकड्यावरून मालक आपल्या जुन्या वाहतूकदाराशी भांडून बसले होते. त्या माणसाचं काहीच चुकलं नव्हतं, हे मला आजही टोचतं.

त्या शनिवारी अप्पा बळवंत चौकातून राल्फ किंबॉल आणि मार्जी रॉस यांचं 'द डेटा वेअरहाउस टूलकिट' आणलं, 2002ची दुसरी आवृत्ती. त्यात कामाचा क्रम दिला आहे: आधी व्यवहार निवडा, मग ग्रेन ठरवा, मग डायमेन्शन (ग्राहक, माल, तारीख अशी वर्णनाची माहिती), शेवटी फॅक्ट (मोजायचे आकडे). ग्रेन म्हणजे टेबलातली एक ओळ प्रत्यक्षात कशाची आहे, ते. एका बिलाची, की बिलातल्या एका मालाची? मी हा प्रश्नच स्वतःला विचारला नव्हता. ऑर्डर आणि बिलांच्या प्रकरणात तर माझीच चूक उपायासकट होती: बिलावरचं भाडं मालाच्या ओळींवर वाटून द्या. तसं वाटायला नियम ठरत नसेल तर ते वेगळ्या फॅक्ट टेबलात ठेवा. व्हिडिओत मला जॉईन कसा लिहायचा ते सापडलं असतं. 'माझी मांडणी चुकली आहे' हे मात्र सर्च करता येत नाही, कारण ती चुकली आहे हेच आपल्याला माहीत नसतं. पुस्तक न विचारलेल्या प्रश्नांपाशीही घेऊन जातं.

दुसरी गोष्ट, कुठल्या आकड्याची कोणत्या बाजूने बेरीज करायची. नव्या मुलांना हे मी खडकवासला साखळीवरून सांगते. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर यांचा साठा पावसाळ्यात रोज पेपरात येतो. चार धरणांचा आजचा साठा मिळवला की पुण्याचं आजचं पाणी कळतं, सगळी भरली तर सुमारे 29 टीएमसी. पण जुलैच्या एकतीस दिवसांचे साठे मिळवले तर? कागदावर शेकडो टीएमसी, नळाला थेंब जास्त नाही. पावसाचं नेमकं उलट: एकतीस दिवसांचे मिलिमीटर मिळवता येतात, चार धरणांवरचे मिळवून हाती काही लागत नाही. गोदामातला माल आणि बँकेतली शिल्लक धरणाच्या साठ्यासारखी वागते. एका बाजूने बेरीज चालते, दुसऱ्या बाजूने नाही, अशा आकड्याला सेमी-ॲडिटिव्ह फॅक्ट म्हणतात. कॉम्प्युटर मात्र दोन्ही बेरजा सारख्याच मुकाट्याने करून देतो.

तिसरी गोष्ट वाघोलीची. 2021 साली 23 गावं पुणे महापालिकेत आली, त्यात वाघोलीही आली. आता 2019ची वाघोलीतली विक्री महापालिका हद्दीत धरायची की बाहेर? ग्राहकाच्या ओळीत जुनं पुसून नवं लिहिलं, तर 2019चे रिपोर्टही बदलतात. जुनी ओळ तारीख घालून बंद केली आणि नवी उघडली, तर दोन्ही काळ आपापल्या जागी राहतात. स्लोली चेंजिंग डायमेन्शनचा, म्हणजे सावकाश बदलणाऱ्या माहितीचा, टाइप वन आणि टाइप टू तो हाच. मुलाखतीत व्याख्या सगळे म्हणून दाखवतात. कुठला कधी वापरायचा, हे विचारलं की बहुतेकजण अडखळतात.

बिल इनमन यांचं 'बिल्डिंग द डेटा वेअरहाउस'ही वाचा, पण नंतर. आधी अख्ख्या कंपनीचं एकसंध, नॉर्मलाइज्ड (एक माहिती एकाच जागी ठेवणारं) कोठार उभारा आणि त्यातून विभागांचे डेटा मार्ट, म्हणजे एकेका विभागापुरते छोटे साठे, काढा, असा त्यांचा आग्रह. किंबॉल एकेका व्यवहारापासून सुरुवात करतात आणि सामायिक डायमेन्शनने ते जोडत नेतात. यावर लोक तावातावाने भांडतात. मला दोघांचाही उपयोग झाला. शिळं झालेलंही बरंच आहे: डिस्क वाचवण्याच्या युक्त्या, वेगासाठी आधीच करून ठेवायच्या बेरजा. स्नोफ्लेक, बिगक्वेरी, रेडशिफ्ट ही क्लाउडवरची वेअरहाउस आल्यापासून त्यातलं पुष्कळसं गरजेचं उरलेलं नाही. ती पानं खुशाल उलटा. ग्रेनचं पान उलटू नका.

वाचताना लॅपटॉप बंद, वही उघडी. कादंबरीसारखं सलग वाचलं तर चौथ्या दिवशी कंटाळा येईल. एक प्रकरण वाचायचं आणि तेच आपल्या ऑफिसातल्या एखाद्या टेबलावर लावून बघायचं.

तेव्हा पुस्तक घ्याच. 2013ची तिसरी आवृत्ती मिळाली तर ती, नाहीतर मित्राकडची जुनीही चालेल. किरकोळ विक्रीच्या प्रकरणापर्यंत वाचा. मग तुमचं रोजचं एक टेबल घ्या आणि वहीत लिहा: 'यातली एक ओळ म्हणजे...' वाक्य पुरं करताना 'किंवा' लिहावंसं वाटलं तर तिथेच थांबा आणि वही घेऊन माझ्याकडे या. शनिवारी सकाळी मी घरीच असते.