बेबी ऑफ म्हणून नाव घालेनात

माझ्या बाळाच्या ऑपरेशनपर्यंतचं सगळं सुरळीत झालं. जन्मल्यावर पहिल्या २४ तासांत काळी शी झाली नाही, पोट फुगलं. आतड्याचा तुकडा तपासला, त्या बायोप्सीत हिर्शस्प्रंग नावाचं आतड्याचं दुखणं निघालं. साधारण ५,००० बाळांत एकाला होतं. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात जन्मतःच मज्जापेशी नसतात, त्यामुळे शी पुढे सरकत नाही. तो भाग काढून वरचं आतडं खाली ओढून जोडलं.

राग आहे तो घरी आल्यानंतरच्या एका रात्रीचा. पोट परत टम्म. डायपर उघडला तर पिचकारीसारखी पातळ शी, वास असा की खोलीत थांबवेना. बाळ अंगावर ओढेना, डोळे उघडेना. सर्जननी बजावलं होतं, ऑपरेशननंतरही आतड्याला सूज येते, एन्टेरोकोलायटिस म्हणतात. जंतू रक्तात गेले तर काही तासांत जीवावर बेततं. साधे जुलाब समजून थांबायचं नाही.

कोल्हापुरातल्याच एका दवाखान्यात पोचलो. खिडकीवरचा म्हणाला, "ताई, आधी केसपेपर काढा की. बाळाचं नाव?" बारसं झालंच नव्हतं. डिस्चार्ज कार्डावर 'बेबी ऑफ' आणि माझं नाव. ते म्हणे कॉम्प्युटर घेत नाही. मग आधार मागितलं, मग पत्ता. हे पिशवी उपसत होते आणि माझ्या हातात बाळ गार पडत चाललं होतं. मी ओरडले तर म्हणाला, "लाईनीत सगळेच पेशंट हाईत." सुप्रीम कोर्टानं एका अपघाताच्या खटल्यात १९८९ सालीच सांगितलंय, जीव वाचवणं आधी, सोपस्कार नंतर. त्या खिडकीपर्यंत ते पोचलेलं नाही.

शेवटी जाणाऱ्या एका सिस्टरनी बाळाच्या छातीवर बोट दाबून सोडलं. पांढरा ठसा भरेचना, म्हणजे रक्त नीट फिरत नव्हतं. त्यांनी बाळ उचललं आणि थेट आत नेलं. सलाईन, अँटिबायोटिक लावलं, मग नळी घालून आतडं धुतलं. भसकन हवा सुटली आणि पोट खाली बसलं. त्या सिस्टरांचे उपकार फिटणार नाहीत.

म्हणून सांगते, अशा वेळी खिडकीकडे जाऊच नका. थेट कॅज्युअल्टीत शिरा आणि "हिर्शस्प्रंगचं ऑपरेशन झालंय, एन्टेरोकोलायटिस वाटतोय" एवढं मोठ्यानं सांगा. केसपेपर मागनं कुणीही काढेल. ताप नाही म्हणून निर्धास्त राहू नका, तो नसतानाही हे होतं. घरी आतडं धुवायला शिकवलं असेल तर कोमट नॉर्मल सलाईनच वापरा, साधं पाणी कधीच नाही. आणि घातलेलं सगळं बाहेर आलं का ते बघा.

एक राहिलं. नवजात बाळाची उलटी हिरवी असेल तर हिर्शस्प्रंग असो-नसो, आतड्याला पीळ पडलेला असू शकतो. बाळगुटी देत बसू नका, लहान मुलांचे सर्जन असतील तिथं लगेच न्या.