परळी-औंढा भाड्याच्या गाडीने: 'फुल इन्शुरन्स'मध्ये काय बसत नाही

छत्रपती संभाजीनगरहून भाड्याची गाडी स्वतः चालवत वेरूळचे घृष्णेश्वर, परळी वैजनाथ आणि औंढा नागनाथ ही मराठवाड्यातली तिन्ही ज्योतिर्लिंगे करण्याचा बेत असेल, तर अनामत भरण्यापूर्वी हे वाचावे. विम्याचे काय, असे मी गाडी ताब्यात घेतानाच विचारले होते आणि काउंटरवरच्या तरुणाने "सर, फुल इन्शुरन्स आहे, बिनधास्त जा," असे सांगितले होते. हे उत्तर खोटे नव्हते, फक्त माझ्या उपयोगाचे नव्हते. कारण तो विमा गाडीच्या मालकाचा असतो, आणि मालकाने आपल्याकडून किती वसूल करायचे हे पॉलिसी नव्हे, तर भाड्याचा करार ठरवतो.

वेरूळविषयी सांगण्यासारखे काही नाही, आणि बीड ओलांडून मांजरसुंब्यापर्यंतच्या महामार्गाविषयीही तक्रार नाही. तक्रार आहे ती केज ते अंबाजोगाई या पट्ट्याविषयी, तीही ऊसतोडीच्या हंगामात आणि अंधार पडल्यानंतर. दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, अगदी जवळ गेल्यावर दिसला. समोरून अप्पर लावून ट्रक येत असल्याने उजवीकडे जागा नव्हती, म्हणून गाडी डावीकडे साइडपट्टीवर घ्यावी लागली. काळ्या मातीची ती साइडपट्टी खचून डांबरापेक्षा वीतभर खाली गेली होती. त्या कडेने पुढच्या टायरची बाजू फाटली, रिमला पोचा आला आणि बंपरची खालची कड निघून लोंबू लागली. कोणाला खरचटलेही नाही, हे महत्त्वाचे. मात्र परतल्यावर १४,२०० रुपयांचा हिशेब हातात पडला आणि त्यात गाडी गॅरेजमध्ये उभी राहिली त्या दिवसांचे भाडेही धरलेले होते.

हिशेब असा का होतो, ते समजून घ्यावे. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार सक्तीचा असलेला विमा फक्त समोरच्याच्या नुकसानीचा असतो. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीची पॉलिसी असली, तरी 'झिरो डेप' (घसारा न कापण्याची जादा पैशांची जोड) घेतलेली नसल्यास प्लास्टिक व रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा, म्हणजे वापराने घटलेली किंमत, कापला जातो, आणि गाडीचे इतर नुकसान झालेले नसेल तर नुसत्या फाटलेल्या टायरचे काहीच मिळत नाही. शिवाय दावा केला की मालकाचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत) जातो, त्यामुळे किरकोळ नुकसानीसाठी तो विमा कंपनीकडे जाण्याऐवजी आपल्याच अनामतीवर हात ठेवतो. घरच्या १५०० सीसीपर्यंतच्या गाडीच्या पॉलिसीत सक्तीची कपात, म्हणजे दर दाव्यात आपण स्वतः सोसायची रक्कम, १००० रुपये असते, म्हणून इथेही तेवढ्यावरच भागेल अशा समजुतीत राहू नये. जादा पैसे घेऊन दिले जाणारे 'डॅमेज प्रोटेक्शन' म्हणजेही विमा नव्हे, ती मालकाने वसुलीवर घालून घेतलेली मर्यादा असते. माझ्या करारात टायर, रिम, गाडीचा खालचा भाग, क्लच आणि किल्ली त्या मर्यादेबाहेर ठेवलेली होती. मराठवाड्यातले आडरस्ते नेमके तेच फोडतात! त्यामुळे वगळलेल्या वस्तूंची यादी पाहिल्याशिवाय हे संरक्षण घेणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेलीच, म्हणजे स्वतः चालवायला भाड्याने देण्यासाठी नोंदलेली गाडी घ्यावी. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी स्वस्त पडते खरी, पण तिच्या पॉलिसीत भाड्याने देण्याला मनाई असते आणि मोठा अपघात झाल्यास दावा फेटाळला जाण्याचा धोका आपल्या डोक्यावर राहतो. करार व्हॉट्सअ‍ॅपवर आधीच मागवावा आणि कमाल वसुली किती, गाडी उभी राहिल्यास भाडे लागते का, या दोन प्रश्नांची उत्तरे लेखी घ्यावीत. "होऊन जाईल, सर" हे उत्तर धरू नये. गाडी घेताना सगळेच जण दरवाज्यांचे फोटो काढतात. त्यापेक्षा चारही रिम, टायरच्या बाजू, स्टेपनी आणि बंपरची खालची कड यांचा व्हिडिओ अधिक कामाचा. वाटेत काही झाले तर टायर बदलण्याआधी किंवा टो करण्याआधी मालकाला फोन करावा, कारण परस्पर दुरुस्ती हे दावा नाकारण्याचे आयते कारण ठरते. पावसाळ्यात पुलावरच्या पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नये. इंजिनात पाणी शिरून झालेले नुकसान साध्या पॉलिसीत बसत नाही आणि तो खर्च टायरच्या कित्येक पट असतो.

परळी आणि औंढ्याची दर्शने निवांत झाली. हंगामात निघणार असाल, तर मात्र बीडला मुक्काम करून केज-अंबाजोगाईचा टप्पा सकाळी उजेडातच पार करावा, आणि गाडी परत देताना नुकसान नसल्याचे त्याच जागी लिहून घेतल्याशिवाय किल्ली सोडू नये.