दानपेटी आणि सप्ताहाची वही

आज गावच्या विठ्ठल मंदिराची दानपेटी उघडली. मोजायला बसलो होतो. घडी घातलेल्या दहाच्या नोटा, काही कुंकवाने माखलेल्या, आणि चिल्लर तर विचारू नका! शेजारी आता क्यूआर कोडही लागलाय, पण म्हाताऱ्यांना नाणं पेटीत खणकल्याशिवाय दिल्यासारखं वाटत नाही.

मोजणी झाली, सह्या झाल्या, रक्कम बँकेत गेली. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदणी झालेल्या देवस्थानाला हिशेब ठेवावाच लागतो. देवाची जमीन विकायची तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी आधी हवी. तरी पारावर चर्चा एकच, विश्वस्तांनी किती खाल्ले!

सप्ताहाचं मात्र निराळं. घरटी वर्गणी, साधी शंभर पानी वही. मंडप, कीर्तनकारांची बिदागी, काल्याचा महाप्रसाद सगळं त्यातून. कुणी पैशाऐवजी गव्हाचं पोतं देतो, कुणी एक पंगत उचलतो. या वहीला ना ऑडिटर ना शिक्का. पण काल्याच्या दिवशी ती माइकवरून वाचतात, जमा आणि खर्च दोन्ही. माझ्या मते पेटीचा हिशेबही तसाच वाचावा. विश्वस्तांना सुचवलं, तर म्हणाले, "बघू पुढच्या मीटिंगला."