आजींच्या खोलीतला वास

मे महिना, पारा ४२च्या वर. मी सोलापुरात रंगकाम करतो. साखर पेठेतल्या जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला. "आजीच्या खोलीत काहीतरी मेलंय बगा. उंदीर काय सापडंना. फरशी उखडावी लागंल, रंग खराब होईल, येऊन बघता का?"

दारातच वास नाकात शिरला. सडक्या अंड्यासारखा, आणि त्याखाली आंबलेल्या खळीचा. कापडाच्या मागांच्या आमच्या गावात सुताला लावायच्या खळीचा वास ओळखायला कुणाला शिकवावं लागत नाही.

आजी खाटेवर बसून होत्या. मुलगा पाणी आणायला गेला तशा हळूच म्हणाल्या, "बाबा, माझ्याच अंगाचा येत असंल. दोनदा आंघोळ करते, गोधड्या धुतल्या. नातू जवळ झोपंना झालाय." नळाला चार-चार दिवस पाणी नसतं, अशा घरात त्या दोनदा आंघोळ करत होत्या. मला काही बोलता येईना.

मुलाला विचारलं, वास कधी जास्त येतो? दुपारी, कूलर लावल्यावर. मेलेला उंदीर कूलरची वाट बघत नाही, आणि पंधरावीस दिवसांत वाळून जातो. हा वास तर मार्चपासूनचा, खोलीला रंग दिल्यापासूनचा. ओल्या फडक्यानं भिंतीचा तळहाताएवढा तुकडा पुसून नाक लावलं. मग पत्रीनं थोडा रंग खरवडला, बाटलीत कोमट पाण्यात टाकून बूच लावलं. दहा मिनिटांनी उघडलं तर मुलगा दोन पावलं मागं सरला.

"रंग कुठला होता?" माळ्यावरून त्यानं बादली काढली. ती माझीच होती. तीन वर्षांपूर्वी त्यांचा हॉल केला, तेव्हा रोलरसाठी पातळ केलेला उरलेला रंग मी परत बादलीत ओतला होता. "ठेवा, कामाला येईल," असंही मीच म्हणालो होतो.

पाण्याच्या रंगात घट्टपणासाठी खळीच्याच जातीची द्रव्यं असतात. ती कुजू नयेत म्हणून कंपनी औषध घालते. आपण टाकीचं पाणी घातलं की औषध पातळ होतं आणि जंतू आत जातात. झाकण बंद, आत हवा नाही. अशा ठिकाणी वाढणारे जंतू सडक्या अंड्याचा वायू तयार करतात. भिंतीवर रंग वाळला की वास दबतो, दमट हवा लागली की पुन्हा उठतो. मुलानं वास मारायला वरून नव्या रंगाचा एक हात दिला होता. त्या रंगातल्या पाण्यानं खालचा थर पुन्हा भिजला.

मी बाटली घेऊन आजींसमोर बसलो. "आजी, तुमचा नाही हा वास. माझ्या रंगाचा आहे." त्यांनी बाटली हुंगली, पदर डोळ्यांना लावला आणि मुलाकडं नुसतं बघितलं.

त्यांना हॉलमध्ये हलवलं. दोन दिवस खरवडून गिलाव्यापर्यंत गेलो. चौकटीचा ऑइलपेंट फार जुना होता. घरगुती रंगात विषारी शिसं ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नको, हा नियम २०१७च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाचा काय भरवसा? घरात लहान पोरगं. म्हणून धूळ उडू नये यासाठी चौकट कोरडी घासली नाही, पॉलिश पेपर ओला करूनच घासला आणि चिखल फडक्यानं टिपून घेतला. भिंत ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानं धुतली. मुलगा संडास धुवायचं ॲसिड घेऊन आला, तेव्हा मी ओरडलोच. ब्लीचिंगमध्ये ॲसिड पडलं की क्लोरीन वायू सुटतो, बंद खोलीत जीव जाईल. मग साध्या पाण्यानं धुऊन चार दिवस खिडक्या उघड्या टाकल्या. सोलापूरचं ऊन त्या वेळी उपयोगी पडलं. वास अडवायला ऑइल प्रायमरचा हात दिला, त्याचा स्वतःचा वास जाईपर्यंत थांबलो, आणि नव्या डब्यातला रंग दिला. मजुरी घेतली नाही. बादलीतला रंग गटारीत न ओतता वाळूत कालवून वाळवला.

सप्टेंबरात पावसाची झड लागली तेव्हा मी मुद्दाम गेलो. नातू आजींच्या खाटेवर आडवा पसरून झोपला होता. त्याची झोप न मोडता ओलं फडकं भिंतीला लावलं, नाक टेकवलं आणि वास घेतला. मग दुसऱ्या कोपऱ्यातही घेतला.